पळणारं सूप

घानातल्या कुमासीच्या आमच्या इस्पितळात गिळायला शिकवणारी एकच बाई आहे, झिफा. ती सगळ्यांना आवडते. मला आवडत नाही.

माझी लेक अडोमा न्यूमोनियाने जवळपास तीन आठवडे व्हेंटिलेटरवर होती, घशात नळी. मला काचेबाहेर उभं ठेवायचे. आत झिफा तिचं तोंड ओल्या बोळ्याने पुसायची, खाटेची उशाकडची बाजू उंच करायची, गालांवरून बोटं फिरवायची आणि तिच्या एवे भाषेतली गाणी बेसूर म्हणत राहायची. गुंगीतल्या पोरीशी इतकं काय बोलायचं असतं?

नळी निघाली. अडोमा घोगऱ्या आवाजात म्हणाली, “मा, पाणी.” मी पेला उचलला, तर झिफाने त्यावर तळहात ठेवला.

“आज नाही, अडोमाची आई. इतके दिवस नळी होती. घसा गिळायचं विसरलाय. पाणी फुफ्फुसात उतरेल.”

“अहो, पण तिला तहान लागलीये.”

“ओठ ओले करा. तेवढंच.”

पोर माझी आणि परवानगी हिची. हिला स्वतःचं मूल नाही, हे मी मनात घट्ट धरून ठेवलं होतं. त्याने काय साधणार होतं, कोण जाणे.

झिफा मूळची समुद्रकाठच्या केटाची. बापाची होडी होती. पुढे समुद्राने किनारा खात खात घर नेलं, म्हणून ती इथे मावशीकडे आली. तिचा मामा असाच यंत्रावरून सुटला, तेव्हा घरच्यांनी आनंदाने त्याला वाटीभर सूप पाजलं. ते छातीत गेलं आणि मामा गेला. त्यानंतर ती हे काम शिकली. यातलं मला तिने काहीच सांगितलं नाही. अडोमाला सांगितलं. मला अडोमाकडून कळलं.

रोज तिचे धडे चालत. थंड चमचा जिभेवर, हनुवटी छातीकडे, नुसती थुंकी गीळ. झिफाने सांगितलं तर अडोमा दहादा करायची. मी सांगितलं तर म्हणायची, “मा, दमले गं.”

मग घास द्यायचा दिवस ठरला. मी कोंबडीचं पातळ सूप केलं, मिरची काढून, दोनदा गाळून. झिफाने चमचाभर घेऊन तिरका केला. सूप सर्रकन ओघळलं.

“हे पळतंय. मला चालणारं हवं.”

“आमच्यात आजाऱ्याला हेच देतात.”

“ठाऊक आहे. म्हणून तर माझी नोकरी टिकून आहे.”

तिने स्वतःचा डबा उघडला. भेंडीचं दाट सूप, वाटून मऊ केलेलं.

“तुम्हा केटावाल्यांचं सगळं चिकटच,” मी म्हटलं.

“चिकट आहे म्हणून एकत्र राहतं, वाट चुकत नाही.”

अडोमाने पहिला घास तिच्या हातून घेतला आणि हसली. माझं सूप गार होत होतं. तिला ठसका लागला नाही याचा आनंद मला व्हायला हवा होता. झालाही, पण जरा उशिरा.

आज मी भेंडी नेली. झिफाने चमचा तिरका केला. सूप सावकाश सरकलं. तिने चमचा माझ्या हातात दिला.

“तुम्ही द्या. दुसऱ्या हाताची बोटं घशावर ठेवा. गाठ वर सरकली की गिळलं.”

मी घाईने चमचा तिच्या तोंडाशी नेला.

“हळू, मा,” अडोमा म्हणाली. “आँटी हळू देते.”

झोंबलं. तरी हात मंदावला. बोटांखाली गाठ वर सरकली, खाली आली. मी श्वास धरून ठसक्याची वाट पाहिली. आला नाही.

“आ म्हण,” झिफा म्हणाली.

“आ.” स्वच्छ आवाज, घरघर नाही. अडोमाने झिफाकडेच पाहिलं. “बरोबर?”

“मला काय विचारतेस? बोटं तुझ्या आईची होती,” म्हणत झिफा पुढच्या खाटेकडे गेली.

मग अडोमाने माझ्याकडे पाहिलं. “बरोबर,” मी म्हटलं.

मी निघताना अडोमा म्हणाली, “मा, उद्या आँटीसाठीही सूप आण.”

भेंडी चिरून ठेवली आहे. जरा जास्तच चिरली गेली आहे.