तळवड्याची विलायती दुनळी

फौजेतून निवृत्त झाल्यावर माझी पहिली पोस्टिंग चाकणला झाली. एका कंपनीचं गेट नंबर दोन. फर्स्ट शिफ्ट, सकाळी सहा ते दुपारी दोन. येणाऱ्या ट्रकचा नंबर घ्यायचा, जाणाऱ्या ट्रकचं सील बघायचं आणि उशिरा येणाऱ्या इंजिनिअरांकडे फौजी नजरेनं पाहायचं. सतरा वर्षं नोकरी करून मी हवालदार म्हणून बाहेर पडलो होतो. गेटवरच्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात मला 'मेजर' करून टाकलं. एवढी मोठी बढती एवढ्या कमी वेळात फौजेत कुणाला मिळाली नसेल. मी ती नाकारली नाही. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

फौजी म्हटलं की लोकांना वाटतं, यानं आयुष्यभर गोळ्या झाडल्या. मी झाडल्या थोड्या आणि मोजल्या जास्त. तीन वर्षं मी पलटणीच्या कोतात होतो. कोत म्हणजे हत्यारांची खोली. सकाळी रायफली द्यायच्या, संध्याकाळी मोजून परत घ्यायच्या. कोताचे प्रमुख हवालदार सखाराम. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. साताऱ्याकडचा माणूस, बोलणं कमी, मिशा जास्त. त्यांचा नियम एकच. हत्यार हातात आलं की आधी उघडायचं, बॅरल आभाळाकडे धरायची आणि आरपार बघायचं. ते विचारायचे, "उजेड दिसला?" आपण म्हणायचं, "दिसला, उस्ताद." त्यानंतरच पुढचं काम.

एकदा मी न बघताच 'दिसला' म्हणालो. उस्तादांनी शांतपणे त्या बॅरलमधून चिंधीचा बोळा बाहेर काढला. सकाळीच त्यांनी तो स्वतः कोंबून ठेवला होता. मग रायफल डोक्यावर धरून मी मैदानाला अकरा चकरा मारल्या. नियम पाठ झाला, असं तेव्हा मला वाटलं होतं.

आता तळवड्याचं. तिथले किसनअण्णा माझ्या ओळखीचे. सत्तरीचे, मूळ गावकरी. शेतावर इमारती उभ्या राहिल्या, तरी ते राहत होते जुन्या मातीच्या घरातच. शेवटी तेही पाडायला काढलं. एका रविवारी दुपारी साडेतीनला अण्णांचा फोन आला.

"मेजर, मजुरांनी माळ्यावरची भिंत फोडली. आत आज्जाची बंदूक घावली. या तुमी."

आज्जाची बंदूक हे प्रकरण मी पूर्वीच ऐकलं होतं. सगळ्या तळवड्यानं ऐकलं होतं. कुणा गोऱ्या साहेबाला अण्णांच्या आजोबांनी बिबट्यापासून वाचवलं आणि साहेबानं खूश होऊन स्वतःची लंडनची बंदूक त्यांना बक्षीस दिली. अडचण अशी की बंदूक कुणी पाहिलेली नव्हती. अण्णांचा मुलगा सचिन आयटी पार्कात कामाला आहे. तो ही गोष्ट निघाली की हळूच हसायचा आणि अण्णांना ते हसू लागायचं. त्या दिवशी बंदूक खरी निघाली होती. आता ती लंडनची आहे, एवढं कुणा जाणकारानं मुलासमोर सांगायला हवं होतं. अण्णांच्या मते जाणकार मी.

त्या वेळी 'अण्णा, हात लावू नका, पोलिसांना कळवा,' एवढंच म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "आलोच." आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

चार वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो. अंगणात खाट, खाटेवर गोणपाट, गोणपाटावर दुनळी. शेजारपाजारचे दहा-बाराजण गोळा झालेले. अण्णांच्या मंडळी सुशीलावहिनींनी चहा आणला. मी कप बाजूला ठेवला आणि चष्मा लावला. दोन नळ्या, बाहेरून दोन घोडे, सगळं गंजलेलं. दस्त्याला चामड्याचा पट्टा शिवलेला. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर मी अंगठा घासला आणि इंग्रजी अक्षरं वर आली.

"लंडन," मी जाहीर केलं.

अण्णांनी मुलाकडे पाहिलं. सचिननं मोबाईल काढला आणि तशाच दिसणाऱ्या एका बंदुकीचा परदेशातला भाव वाचून दाखवला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दोन लाख कुठं गेले नाहीत." हा आकडा कुठून आला, मला आजही सांगता येणार नाही. शर्टाच्या इस्त्रीतून आला असावा.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण कुणीतरी म्हणालं, मेजर, धरून दाखवा की. मी उभा राहिलो. दस्ता खांद्याला लावला, समोरच्या बिल्डिंगवरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला आणि अंगठ्यानं डावा घोडा मागं ओढायला लागलो. तो गंजानं धरला होता. मी जोर लावला. त्याच वेळी वहिनी मागून म्हणाल्या,

"मेजर, आत काई न्हाई न्हवं?"

एवढा साधा प्रश्न. मी घोड्यावरचा अंगठा काढला. बंदूक हातात येऊन दहा मिनिटं झाली होती. मी अक्षरं वाचली होती, भाव सांगितला होता, नेम धरला होता. आत बघितलं नव्हतं.

मग सतरा वर्षांची नोकरी एकदम आठवली. "सगळे मागं," मी म्हणालो. "गेटच्या बाहेर. आत्ता." माझा आवाज बदलला असावा, कारण कुणी काही विचारलं नाही. अण्णा मात्र हलेनात. म्हणाले, "बंदूक माझ्या आज्जाची हाय." मी म्हणालो, "म्हणूनच म्हणतो. वहिनी, घेऊन जा यांना." वहिनींनी त्यांना दंडाला धरून नेलं.

चार वाजून छत्तीस. बंदुकीचं तोंड जाड मातीच्या भिंतीकडे करून ती वाळूच्या गोण्यांवर ठेवली. चापाच्या खाली उघडायची दांडी होती, ती जाम. रॉकेल मिळेना, सचिननं दाराच्या बिजागऱ्यांना मारायचा स्प्रे आणला आणि लांबूनच माझ्याकडे फेकला. "काका, पोलिसांना लावू का फोन?" त्यानं विचारलं. त्या अंगणात डोकं वापरणारा पहिला माणूस. मी म्हणालो, लाव. पण येईपर्यंत थांबायचा शहाणपणा मला सुचला नाही.

पाच वाजून दोन मिनिटांनी दांडी फिरली आणि बंदूक दुमडली. उजवी नळी रिकामी. डाव्या नळीत हिरवट पितळेचा गोल चेहरा माझ्याकडे बघत होता. काडतूस. मी ओढत होतो त्याच घोड्याखालचं.

ते बोटांनी बाहेर काढायला आणखी अकरा मिनिटं लागली. वाळूच्या घमेल्यात ठेवलं. मग नळ्या सुट्या केल्या आणि आभाळाकडे धरल्या. आरपार गोल, निळा उजेड. माझ्या तोंडून निघून गेलं, "दिसला, उस्ताद."

गेटातून वहिनींनी विचारलं, "कोन उस्ताद?"

"सांगतो नंतर," मी म्हणालो.

नळ्या हातात होत्या म्हणून त्यांची खालची बाजू दिसली. तिथं एक लंबगोल शिक्का होता. वर मुकुट, आत तीन अक्षरं. असाच शिक्का उस्तादांनी मला एकदा दाखवला होता. ऑफिसर्स मेसच्या भिंतीवरच्या जुन्या बंदुका साफ करायचं काम आमच्याकडे असायचं. ते म्हणाले होते, वर लिहिलेलं नाव दुकानदाराचं असतं, खालचा शिक्का तपासणाऱ्याचा असतो. आपण खाली बघायचं. तो शिक्का बेल्जियमचा. त्या काळी तिकडं स्वस्तातल्या बंदुका ढिगानं बनायच्या आणि खपाव्यात म्हणून वर 'लंडन' कोरायचे.

अण्णा आत आले. खोटं बोलायची सोय होती. सचिन शेजारीच उभा होता.

"अण्णा," मी म्हणालो, "मी चुकलो. लंडनची नाही. साहेब लोक अशी बंदूक वापरत नसत. बाजारात विकत मिळायची ही. दोन लाख सोडा, भिंतीवर टांगायची शोभा एवढीच किंमत. आणि बार तर कधीच काढायचा नाही, नळ्या फाटतील."

अण्णांचा चेहरा उतरला. सचिन हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. त्यानं दस्ता उचलला आणि चामड्याच्या पट्ट्यावर हात ठेवला. चामडं एका जागी तळव्याच्या आकाराचं गुळगुळीत झालं होतं. त्याचा हात तिथं बरोबर बसला.

"आणि हे भरून का ठेवलं होतं?" त्यानं काडतुसाकडे बोट दाखवून विचारलं.

अण्णा घमेल्यापाशी वाकले. मग म्हणाले, "भुईमुगात डुकरं शिरायची. बिबट्या बी यायचा. आज्जा रानातच झोपायचा." सचिनकडे वळून म्हणाले, "म्हंजी नुस्ता मिरवत नव्हता त्यो. राखन करत व्हता."

"हो," सचिन म्हणाला. बाप-लेकाचं एवढंच बोलणं झालं, पण ते मला पुरेसं वाटलं.

पावणेसहाला पोलीस आले. आम्ही त्यांच्यामागून ठाण्यात गेलो. फौजदारानं पंधरा मिनिटं माझी हजेरी घेतली आणि ती रास्तच होती. मग पावतीवर लिहिलं: एक दुनळी बंदूक, जुनी, नादुरुस्त, एक काडतूस. बंदुकीची ओळख कुणी पटवली, त्यानं विचारलं. मी नाव सांगितलं.

"हुद्दा? मेजर ना?"

"हवालदार," मी म्हणालो. "निवृत्त."

परत येताना सचिन गाडी चालवत होता. देहू फाट्याच्या अलीकडे अण्णा म्हणाले, "मेजर न्हाई व्हय तुमी?"

"नाही अण्णा. मीपण बेल्जियमचाच."

ते इतके हसले की सचिनला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आता त्याच जागेवर बिल्डिंग आहे. सातव्या मजल्यावर अण्णांचा फ्लॅट. हॉलच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत पोलीस ठाण्याची पावती लावली आहे. बंदूक रीतसर निकामी करून परत मिळावी म्हणून अर्ज चालू आहे. आलेल्या पाहुण्याला सचिनच पणजोबांची राखणीची गोष्ट सांगतो. अण्णा मला अजून मेजर म्हणतात, पण आता डोळा मारून.

परवा चहा घेताना वहिनींनी पुन्हा विचारलं, तुमचे ते उस्ताद कोण? मी सांगितलं.

काश्मीर खोऱ्यात असताना एका जवानाला ताप आला. त्याच्या जागी उस्ताद रस्त्यात सुरुंग आहेत का ते तपासायला जाणाऱ्या पार्टीत गेले. पहाटे पाच चाळीसला कोतातून निघाले. जाताना मला म्हणाले, परत आल्यावर मोजून घे. सात वाजून दहा मिनिटांनी रेडिओवर आलं, "एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

संध्याकाळी सगळ्या रायफली जमा झाल्या. मोजणी बरोबर भरली. उस्तादांची रायफल दुसऱ्या कुणीतरी आणून दिली. मी ती उघडली आणि आभाळाकडे धरली. विचारणारं कुणी नव्हतं. तरी मी नीट बघितलं, आणि मग म्हणालो, "दिसला, उस्ताद."