सुषमाची नॉर्मल स्लाइड
"मॅडम, इसको कंट्रोल में डाल दीजिए. एकदम क्लीन है," प्रोजेक्टचे प्रमुख साहेब म्हणाले आणि स्लाइडच्या पुढच्या ट्रेकडे वळले.

मुलांनो, कंट्रोल म्हणजे ज्यांच्याशी रुग्णांची तुलना करायची ती निरोगी माणसं. भिलाईच्या आमच्या हॉस्पिटलात आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींवर छोटा प्रोजेक्ट चालू होता. एंडोस्कोपीने आतड्याचा तिळाएवढा तुकडा काढायचा आणि पॅथॉलॉजिस्ट म्हणून मी मायक्रोस्कोपखाली त्यातल्या लिम्फोसाइट मोजायच्या. या पांढऱ्या पेशी आतड्याच्या अस्तरात पहारा देतात. काही लोकांत त्या गव्हातल्या प्रथिनालाच शत्रू समजतात. मग गर्दी करतात आणि अन्न शोषणारे उंचवटे सपाट करून टाकतात. हे उंचवटे टर्किश टॉवेलच्या धाग्यांसारखे दिसतात. या आजाराला सीलिअॅक म्हणतात.

ती स्लाइड सुषमा नावाच्या मुलीची. तिचे धागे ताठ उभे होते. लिम्फोसाइट मोजक्या. रक्ततपासणीही नॉर्मल. पोटाच्या तक्रारीसाठी एंडोस्कोपी झाली पण काही निघालं नाही, अशांनाच आम्ही निरोगी धरत होतो. मी सही केली.

रिपोर्ट न्यायला ती वडिलांबरोबर आली. वडील दुर्गला रेल्वेत, घर बोरसीत, मूळ गाव भंडाऱ्याकडचं. मुलगी नागपुरात नर्सिंगला. दोनदा होस्टेलवरून आजारी होऊन परतलेली, या खेपेला आठ महिने घरीच; परत जाण्याआधी कारण कळावं म्हणून तपासणी करवलेली. दिवाळीनंतर हजर झाली नाही तर नाव कापू, असं कॉलेजने कळवलं होतं.

"काही निघालं नाही," मी म्हटलं.

वडील तिच्याकडे वळले. "पाह्य, मी सांगत होतो ना? तुले होस्टेलात राहाचंच नाही. नाटकं करून राहिली."

"बाबा, नाटकानं कोणाचं आठ किलो वजन उतरते काय?"

मला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. मी विचारलं, "आणि घरी कसं वाटतं?"

"घरी मस्त राहते मॅडम. आई बासीच देते ना."

बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खायचा. इथे घरोघरी चालतो.

"आणि जेवायला?"

"भातच. पोट बिघडलं की आमच्या घरी पोळी बंद. आई बिस्किटाले बी हात लावू देत नाही. आठ महिने झाले."

मी तिचा फॉर्म काढला. आहार : शाकाहारी / मांसाहारी. हा फॉर्म मीच तयार केला होता, दोन रंगांत, रकाने आखून. भात की पोळी, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. आठ महिने गहू पोटात गेलाच नाही, तर पहारेकरी गर्दी कशाला करतील? होस्टेलच्या मेसमध्ये मात्र दोन्ही वेळा पोळ्या.

साहेबांना गाठलं. "सर, ही कंट्रोल नाही. हिला गहू देऊन पुन्हा तपासावं लागेल."

"मॅडम, रिपोर्ट पर साइन आपका है."

"म्हणूनच परत मागतेय."

पोटाच्या डॉक्टरांनाही पटलं. सहा आठवडे रोज पोळी, मग पुन्हा तुकडा. सुषमाचे वडील चक्रावले. "डॉक्टरीनबाई, पोरगी चांगली आहे म्हणता, अन् तिले बिमार करा म्हणता?"

"खाते मी," सुषमा म्हणाली. "नाव कटण्यापेक्षा पोट दुखलेलं बरं."

दुसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला. "मॅडम, नाटक चालू झालं."

सहा आठवड्यांनी नवी स्लाइड आली. धागे अर्धे झिजलेले आणि अस्तरभर लिम्फोसाइटची जत्रा. रक्ताचा रिपोर्टही तेच सांगत होता. वडिलांना मी मायक्रोस्कोपला बसवलं आणि पहारेकऱ्यांची गर्दी समजावत दोन्ही स्लाइड दाखवल्या. ते बराच वेळ डोळा लावून बसले.

"एका पोळीवर एवढे पोलीस?" ते म्हणाले. मग स्लाइडवरून नजर न काढताच मुलीला म्हणाले, "तुले छोटा कुकर घेऊन देतो. तांदूळ घरून पाठवीन."

माफी मागायची त्यांची हीच रीत असावी. सुषमानेही जास्त ताणलं नाही. "दोन लिटरचा घ्या," एवढंच म्हणाली. गहू वर्ज्य असल्याचं आमचं पत्र मेसच्या मॅनेजरला दाखवून ती मुदतीच्या चार दिवस आधी हजर झाली.

इकडे आम्ही बाकीच्या सगळ्या कंट्रोलना फोन लावले. आणखी दोघं फक्त भातावर निघाले. साहेब वैतागले, "मॅडम, ऐसे तो कोई हेल्दी बचेगा ही नहीं!" मी फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला.

'नॉर्मल' लिहिण्याआधी माणूस काय जेवतो ते विचारावं. त्याला मायक्रोस्कोप लागत नाही.