माझ्या हातातला गुलाम

डोक्यातली गाठ नागपुरात काढली. पण ती वेगानं वाढणाऱ्या जातीची, पुन्हा येणारी, एवढं मला समजलं होतं. मूल गावी घरी आलो आणि दुसरीच भानगड लक्षात आली: सगळे माझ्याशी गोड वागायला लागले होते.

बायको सुकट आणखी वाढू का, असं विचारायची. टीव्ही मोठ्यानं लावला तरी गप्प. डॉक्टरनं हिला एकटीला काहीतरी सांगितलंय, असा मला संशय. एकदा ती फोनवर बोलताना दाराआड कान लावून उभा राहिलो, तर डाव्या पायानं दगा दिला आणि तांदळाच्या कोठीवर आदळलो. ती बहिणीला लोणच्यात मीठ किती, ते विचारत होती. रागावली नाही. पाठ चोळून दिली. संशय पक्का!

दुपारी शेजारचा शिंपी आला की आम्ही तिघं गुलामचोर खेळायचो. पत्त्यांत एकच गुलाम ठेवायचा, एकमेकांची पानं ओढून जोड्या लावायच्या. शेवटी गुलाम ज्याच्या हातात, तो चोर. माझा डावा हात लुळा, त्यातली पानं समोरच्याला सरळ दिसायची. तरी मी एकदाही चोर होईना.

एक दिवस मी गुलाम मुद्दाम राइस मिलच्या धुराड्यासारखा वर काढला, तोंड शिंप्याकडे करून. त्यानं शांतपणे तोच ओढला.

"काऊन भाऊ, गुलाम दिसला नाई तुले?"

शिंपी माझ्या बायकोकडे पाहू लागला.

"डॉक्टरनं सांगतलं," ती म्हणाली, "त्याईच्या मनासारखं करा."

"माझं मन विचारलं कोणं? अन् अजून काय सांगतलं?"

"किती दिवस, ते त्यालेई नाई माहीत. तुमच्यासमोरच तर सांगतलं जी! तुम्ही खिडकीतून माकडं पाहून राह्यले होते."

मी हातातली पानं खाली टाकली.

"मग जेवढे आहेत तेवढ्यात मले हरू तर द्या!"

"हरायचं आहे?" शिंप्यानं पानं पिसली. "मंग रडू नको."

हरलो. चोरानं अंगणात उभं राहून कोंबड्यासारखं आरवायचं, हा आमच्या गल्लीचा कायदा.

"बसूनच आरवा," बायको म्हणाली.

"नाई वहिनी. उभं राहून."

भिंत धरून उभा राहिलो, वाकड्या तोंडानं आरवलो.

"हा कोंबडा तर बिमार आहे बाप्पा," शिंपी म्हणाला. "लवकर कापा."

बायको क्षणभर थिजली. मग पदर तोंडात कोंबून हसत सुटली. मी तिच्याकडे बारीक नजरेनं पाहिलं. हसणं खोटं वाटलं नाही. तरी खात्रीसाठी पुन्हा आरवलो.