डाळीचं पाणी

ओंजळीत पाणी घ्यायचं, घोटभर तोंडात फिरवायचं, पचकन बाजूला थुंकायचं आणि निकाल द्यायचा, "ह्यात डाळ शिजायची न्हाई." आमच्या साहेबांचा पोहण्याचा हौद राखणाऱ्या म्हाताऱ्याची ही सवय. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, ज्याच्या जिभेला शिवारातली प्रत्येक विहीर ठाऊक असते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चिंचवडजवळच्या माळावर आमची कंपनी नुकतीच उभी राहिली होती. इंग्रज देशातून गेले होते, कंपनीतून जायचे राहिले होते. मोठ्या साहेबांनी बंगल्यामागे निळ्या फरश्यांचा हौद बांधला आणि त्यावर ह्या म्हाताऱ्याला नेमलं. मी ऑफिसात कारकून. साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हाताऱ्याला इंग्रजी. त्यामुळे मधला दुभाषी मी.

बंगल्यातल्या विहिरीचं पाणी जड. दोन महिन्यांत निळ्या फरश्यांवर पांढरे थर चढले, नळांची तोंडं बुजली. म्हातारा चिंचेचा कोळ आणि काथ्या घेऊन दिवसभर घासत बसायचा. आठवड्याने फरशी पुन्हा पांढरी. साहेब त्याला कामचोर म्हणायचे आणि मी ते इमानेइतबारे मराठीत सांगायचो.

एक दिवस तो चिडला. "भाऊसाहेब, सांगा त्यान्ला. खोट माज्या हातात न्हाई, पाण्यात हाय. दावतोच आता."

त्याने बंगल्याच्या व्हरांड्यासमोर तीन-तीन दगडांच्या दोन चुली मांडल्या. दोन मडकी, दोन्हींत मूठमूठ तुरीची डाळ. एकात बंगल्याचं पाणी, दुसऱ्यात ओढ्यापलीकडच्या विहिरीचं. ती गावाची डाळीची विहीर. धुण्याभांड्याला कुठलंही पाणी चाले, पण डाळीपुरती कळशी बायका तिथूनच नेत. कंपनीने जमीन घेतली तेव्हा ती विहीरही कागदावर कंपनीची झाली होती. गावाने ते मनावर घेतलं नव्हतं आणि कंपनीच्याही ते लक्षात नव्हतं.

दोन तासांनी एका मडक्यात डाळीचा लगदा झाला होता, दुसऱ्यात दाणे टणक. म्हाताऱ्याने दोन्ही मडकी साहेबांपुढे ठेवली. एवढं ताठ उभं राहिलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि विचारलं, कुठली विहीर? मी विचारलं. त्याने हौसेने बोट दाखवलं.

पंधरवड्यात तिथे कुंपण आलं, इंजिन आलं, हौदापर्यंत नळ आला आणि फाटकाला कुलूप लागलं. किल्ली म्हाताऱ्याच्या करगोट्याला. हौद निळाशार झाला.

बाया डाळीच्या पाण्यासाठी दीड मैल पवना नदीवर जाऊ लागल्या. म्हाताऱ्याच्या बायकोला ते जमेना. तिच्या तोंडात एकही दात नव्हता, वरणभातावर जगायची. आता वरण होईना, आणि ती त्याच्याशी बोलेना.

"किल्ली तुमच्याकडेच आहे, बाबा. एक कळशी घरी न्या की," मी म्हणालो.

"आन् शेजारणीनं काय दगडं चावायची?" तो म्हणाला. "माज्या जिभेनं गाव बुडिवला, भाऊसाहेब." तेव्हापासून पाणी तोंडात फिरवायचं त्याने सोडून दिलं.

चैत्रात त्याने साहेबांना विनवलं, सकाळचा एक तास बायांना पाणी भरू द्या. साहेब म्हणाले, हौदाची पातळी उतरेल. मी म्हाताऱ्याला सांगितलं, "नाही म्हणतात." आणखी दोन शब्द त्याच्या बाजूने बोलता आले असते.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी कुलूप उघडू लागला. बाया कळश्या भरून नेत आणि पातळी राखायला हौदात बंगल्याच्या विहिरीचं जड पाणी सुटे. चिंच आणि काथ्या त्याने कोपऱ्यात टाकून दिले. मला सगळं दिसत होतं. मी गप्प राहिलो. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता, मला कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

महिन्याभराने साहेबांनी फरशीवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी. त्यांनी आम्हां दोघांना हौदावर बोलावलं. हे काय आहे, विचार त्याला.

म्हातारा पुन्हा तसाच ताठ उभा राहिला. "सांगा त्यान्ला, म्हैनाभर गावात डाळ शिजली."

साहेब माझ्याकडे पाहत होते. माझी नोकरी नवी होती, घरी बायको बाळंतीण. मी भ्यालो. म्हणालो, "ही इज सॉरी, सर."

तेवढा एक शब्द फाटकावरच्या गड्यालाही कळत होता. म्हाताऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी शिव्या दिल्या, उद्यापासून येऊ नको म्हणाले, तेव्हाही तो माझ्याकडेच पाहत होता. मग त्याने करगोट्याची किल्ली सोडली, माझ्या हातावर ठेवली आणि निघून गेला.

त्यानंतर तो कधी कंपनीच्या बाजूला फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया कळश्या घेऊन विहिरीवर आल्या, तेव्हा कुलूप लावत मीच उभा होतो.