जिवंत बाईच्या फोटोला हार

रंगीत फोटोवर माझा विश्वास नाही. आमच्या मोरिवलीच्या नाल्याचं पाणीसुद्धा रंगीत फोटोत छान दिसतं, आणि तेच मला सहन होत नाही. म्हणून कारखान्यांच्या धुराविरुद्धच्या फ्लेक्ससाठी काकूंचा चेहरा मी काळा-पांढरा काढला. काकू आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात आणि वर्षानुवर्षं खोकतात. त्यांना एकच हवं होतं : अधिकाऱ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने बोलायचं.

दारात स्टूल मांडलं, मागे काळी चादर.

"हसू नका."

"हसाया काय झालंय गो?" म्हणाल्या, आणि हसल्याच. तो फोटो मी टाकून दिला. पुढचा घेतला. कॉम्प्युटरवर सुरकुत्या गडद केल्या, डोळ्यांभोवती काळोख वाढवला. लोक हादरले पाहिजेत, बस्स.

सकाळी फ्लेक्स नाक्यावर लागला. दुपारी बघते तर त्याला झेंडूचा हार, खाली उदबत्ती. एक रिक्षावाला हात जोडून उभा. आमच्याकडे नाक्यावर काळा-पांढरा चेहरा दिसला की माणूस गेलेलं असतं. 'धूर थांबवा' एवढं मोठं लिहिलंय, पण वाचतंय कोण!

हार काढायला हात घातला आणि मागून खोकला आला. काकू, भाजीची पिशवी घेऊन. रिक्षावाल्याने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि त्यांनाच विचारलं, "मावशी, ओळखीच्या होत्या काय?"

"हां," काकू म्हणाल्या. "लई बडबडायची."

अधिकाऱ्यांबरोबरच्या बैठकीत कार्यकर्त्यांनी तोच फ्लेक्स खिडकीवर टांगला. अधिकारी साहेबांनी येताच त्याच्यापुढे मान झुकवली. काकू उठल्या, बोलायला लागल्या. साहेबांना त्या मयत बाईच्या नातेवाईक वाटल्या असणार. ते फ्लेक्सकडेच बघत "वाईट झालं, वाईट झालं" म्हणत राहिले. मला काकूंची फक्त पाठ दिसत होती. खरं सांगते, तो आवाज समोरच्या त्या काळ्या तोंडातूनच येतोय असं वाटलं.

काकू थांबल्या. खिडकीशी गेल्या आणि फ्लेक्स फिरवून चेहरा बाहेरच्या बाजूला केला.

"सायब, इकडं बघा. मी जित्ती हाय. आता पयल्यापासून सांगते."

साहेबांनी बघितलं. बाहेर कडक ऊन होतं. पातळ फ्लेक्समधून तो चेहरा आरशातल्यासारखा उलटा, पुसट, काकूंच्या खांद्यावरून अजून बघत होता. काकू बोलत राहिल्या.