न वाळणारं पाणी

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत माझं तसबिरींचं दुकान आहे. देव, पुढारी, लग्नातली जोडपी आणि गेलेली माणसं, सगळ्यांना मी एकाच लाकडाच्या चौकटीत बसवते. आमचे हे वारल्यावर दुकान मी हातात घेतलं तेव्हा लोक म्हणाले, मुक्ताबाईला काच कापणं जमायचं नाही. जमलं. आमचं घर बाबासाहेबांना मानणारं. भूत, भानामती, नजर असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल.

सांडूभाऊ ह्यांचे दोस्त. सोयगावकडच्या डोंगराखालच्या खेड्यातले. तरुणपणी शहरात आले आणि दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची कमळं, शाळेच्या भिंतींवरचे वाघ रंगवायला लागले. त्यांचा वाघ दरवेळी गल्लीतल्या टेलरसारखा दिसायचा, आणि टेलरलाही त्याचा अभिमान होता. मग फ्लेक्सच्या मशिनी आल्या. सांडूभाऊंचे ब्रश डब्यात उभे ते उभेच राहिले. भाऊ माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून चहा प्यायचे आणि फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांच्या दातांना नावं ठेवायचे.

अशात एक दिवस बिडकीनची कडूबाई आली. ती लेकाच्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती आणि तिला आपल्या शिवारातला ओढा भिंतीवर हवा होता. "मोबाईलमधी फोटो हाय, पण त्यात पाणी लई मेलेलं दिसतं," ती म्हणाली. सांडूभाऊ तिच्याबरोबर जाऊन ओढा बघून आले आणि ऑइल रंगात चित्र काढलं. बाभळी आल्या, दगड आले, धुणं धुणारी बाई आली. पाणी त्यांनी सगळ्यात शेवटी काढलं, बोटानं रंग थापून, जाड. इतकं जीव ओतून काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

काच लावायची तर रंग वाळलेला लागतो, नाहीतर तो काचेला चिकटतो. बाभळी वाळल्या, दगड वाळले. पाणी काही वाळेना. चैत्र लागला, बाहेर असं ऊन की दुपारी गल्लीत कुत्रं फिरकेना, पण त्या निळ्यावर बोट टेकवलं की बोट निळं. कडूबाई फेऱ्या मारून कावली. मग एका सकाळी हात लावला तर पाणी कोरडं ठाक! मी खूश होऊन काच कापायला घेतली, तेवढ्यात तिचा फोन आला.

"घाई करू नका. ओढा आटला काल. भर उन्हाळ्यात बी कधी आटला नव्हता, बघा."

योगायोग, मी म्हटलं. कडूबाईनं तसबीर नेली, भिंतीवर टांगली आणि तिला चंदनाचा हार घातला.

पुढं पुंजाराम मास्तरांनी आपल्या विहिरीचं चित्र काढून घेतलं. तिचंही तेच. पाणी ओलं राहिलं, आणि ज्या दिवशी वाळलं त्याच दिवशी विहिरीचा तळ दिसला. लोक कुजबुजायला लागले की सांडू पेंटरचा हात वाईट आहे. मी त्यांना झापलं. म्हटलं, पाऊस चार दिवसांत सगळा कोसळतो आणि मग महिनाभर तोंड दाखवत नाही, ऊन दरसाल वर चढतंय, बोअर पाताळात चाललेत, त्यात पेंटरचा काय गुन्हा? ऊन एकच. तेच विहीर वाळवतं आणि तेच रंग. म्हणायला म्हटलं खरं. पण ओली तसबीर दुकानात असली की मला तिच्याकडं पाठ करून काम करायला नको वाटायचं. सगळीकडं लाकडाचा भुसा आणि डिंक, आणि त्यात तिच्या कोपऱ्यातून शेवाळाचा वास यायचा.

सांडूभाऊंची थोरली बहीण आवडाबाई. आई लवकर गेली, म्हणून भावाला तिनंच वाढवलं. ती अजून गावात, डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्याशेजारी एकटीच राहायची. गेल्या माघात ती शहरात आली आणि दुकानाच्या पायरीवरच भावाला म्हणाली, "समद्यांचं पाणी काढलंस, आपला झरा तेवढा राह्यला."

"नाय आक्का. ते नको."

"का रं? लोक काय बी बोलतात. झरा हाय तवर मी हाय, मला काय धाड भरली?"

ती सहज बोलून गेली. सांडूभाऊंचा चेहरा मात्र उतरला. पण आक्काला नाही म्हणायची त्यांची बिशाद नव्हती. त्यांनी गावी जाऊन चित्र काढलं आणि काच लावायला माझ्या दुकानात आणून ठेवलं. रंगात जवसाचं तेल दुप्पट घातलं होतं, म्हणजे तो वाळूच नये. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

त्या खोऱ्यात मोबाईलला रेंज नाही, आणि स्वतः जाऊन बघायची भाऊंची हिंमत होईना. मग रोज सकाळी ते दुकानात यायचे, तसबिरीतल्या पाण्याला बोट लावायचे आणि निळं बोट बघून चहा सांगायचे. माणूस वाळत चालला होता. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा.

वैशाखात एका सकाळी मी शटर वर केलं आणि सवयीनं तसबिरीला हात लावला. बोटाला काही लागलं नाही. पुन्हा लावला. झरा कोरडा होता.

दुकानात शेवाळाचा वासही नव्हता. मी काय केलं ते सांगते: भाऊंनी दुकानात ठेवलेल्या डब्यातला निळा घेतला, त्यात तेल घातलं आणि पाण्यावर फासला. इतक्यात ते आलेच. बोट लावलं, निळं झालं.

"ओलं हाय, वहिनी," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चहाबरोबर बिस्किटं मागितली. मला चोरी केल्यासारखं झालं.

दुपारी झळा मारत होत्या. रस्ता हलत होता. त्या हलत्या उन्हातून एक बाई चालत आली, डोक्यावर गाठोडं, हातात प्लास्टिकचा कॅन. आवडाबाई. सांडूभाऊ पायरीवरून उठले, मागं सरकले आणि तिच्या पावलांकडं बघायला लागले. भुताची पावलं उलटी असतात म्हणतात. खोटं कशाला बोलू, मीही बघितलं.

पावलं सरळ होती. भेगाळलेली, धुळीनं भरलेली, सरळ.

"असं काय बघतूस? झरा गेला काल," ती म्हणाली. "दगडाला कान लावला. आत बी आवाज नाय. हे शेवटचं, कॅनमधी आणलंय."

"आक्का, तू म्हणायचीस, झरा हाय तवर..."

"म्हणायचं येगळं असतं, येड्या. मरणं का आपल्या हातात हाय?"

भाऊ लहान पोरासारखे रडले. तिनं त्यांना रडू दिलं आणि ती तसबिरीपाशी गेली. बोट लावलं, निळं झालं. सांडूभाऊंनी आपलं सकाळचं निळं बोट नाकाशी नेलं. ताज्या तेलाचा वास त्यांना न कळेल कसा? त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. आवडाबाईनं पदराच्या टोकानं वरचा रंग हळूहळू पुसून काढला. खालचं पाणी कोरडं होतं.

"वाळलंय," ती म्हणाली. "काच लाव, बाई. अन् हार घालू नका कुणी. मी हाय अजून."

आता ती भावाच्या खोलीत राहते. शहराचं पाणी गोड लागत नाही म्हणून कुरकुरते, नळ आला नाही की महापालिकेला शिव्या देते, भावाला पुन्हा वाघ रंगवायला लावते. तसबीर तिच्या खाटेच्या वर आहे, बिनहाराची. कॅनमधलं पाणी तिनं कुणाला प्यायला दिलं नाही. मी चक्कर टाकते तेव्हा बऱ्याचदा ती खाटेवर उभी राहून काचेला कान लावलेली दिसते. एकदा मी विचारलं, काय ऐकू येतं?

"तू लाव की कान," ती म्हणाली.

मी असलं काही मानत नाही. पण कान अजून लावलेला नाही.