एका धातूचे भाऊबंद

हिंमतराव आप्पा शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले आणि आमच्या रनाळे गावाला वाटलं, सुटलो. कसलं काय! आता ते एका धातूच्या मागे लागले आहेत. संस्कृतात 'अत्ति' म्हणजे खातो, लॅटिनमध्ये 'एदो', इंग्रजीत 'ईट', आणि आपलं 'अन्न'ही त्याच घरातलं. या सगळ्यांचा हजारो वर्षांपूर्वीचा पूर्वज एकच, 'एद्'. तो कुठेही लिहिलेला नाही. वंशजांच्या तोंडवळ्यावरून ओळखायचा. त्याच्या आरंभी घशातला एक हलका आवाज असावा, असं जाणकार म्हणतात. आप्पा रोज सकाळी ओट्यावर बसून तो काढून बघतात आणि गल्लीतली कुत्री उत्तर देतात.

"आपन तं खातस," त्यांच्या पत्नी भिकुबाई म्हणतात, "हाई एद् कोन करस?"

मी शेजारी आणि जुना विद्यार्थी, म्हणून या धातूची वंशावळ तपासायला ते मलाच धरून नेतात. श्रावणात, कानबाई देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी मी कंटाळून म्हणालो, "आप्पा, ही तुर्कस्तानातली हित्ती भाषा तरी सोडा. मरून तीन हजार वर्षं झाली तिला."

आप्पा कडाडले, "बोलत नाही म्हणून गाळायची? एक शाखा गाळलीस की मूळ चुकलंच, मूर्खा!"

वा! आणि पलीकडच्याच घरात सख्खा धाकटा भाऊ हेमकांत. बांधावरचं निंबाचं झाड कुणी तोडलं, यावरून कितीतरी वर्षांचा अबोला. यांना धातूचे लिथुआनियातले चुलते सापडतात, हा सापडत नाही. मला याचा खरोखर राग येतो.

तेवढ्यात भिकुबाई सूप घेऊन आल्या. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू दळायचा, आणि तो रोट फक्त भाऊबंदांनीच खायचा.

"कितल्यास्ना गहू टाकू?"

"दोघास्ना. मन्हा आन् कुंदनना." कुंदन त्यांचा मुलगा.

भिकुबाई जागच्या हलल्या नाहीत. "मरेल भाषाले पंगतमा बसाडतस, आन् जित्ता भाऊले नई?"

आप्पांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. मग स्वतः पोत्यात हात घालून हेमकांतच्या वाट्याचे गहू सुपात टाकले आणि चपला घातल्या. मी मागोमाग निघालो. असला तमाशा कोण सोडतो?

हेमकांतच्या दारात या बहुभाषक माणसाला एक शब्द सापडेना. आधी नुसता घशातला तो आवाज निघाला. मग म्हणाले, "हेमकांत, रोट खावाले ये."

हेमकांत दळणाचा डबा झाकत होता.

"येसू ना. पन दादा, मन्हा रोटमा तुन्ही मूठ दरसाल ऱ्हास. तो खावाले तू कव्हय येशी?"

आप्पा उंबऱ्यावर मटकन बसले आणि रडायलाच लागले. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.